राब कोणी भाजला?

जवळ सरका गो पोरींनो, लांबून नुसत्या माना काय डोलावता? घरात सोबतीण नकोशी झाली की लगेच पोलीस ठाण्याची धमकी देता, म्हणून सांगते. ठाण्यातलं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मी शहापूरच्या ठाण्यात बायकांची झडती घेत असे. नवरा हवालदार, अक्षरं आणि कायदा त्याच्याकडूनच शिकले. युद्धाचे दिवस होते. परमुलखातल्या माणसांवर नजर ठेवा, असा वरून हुकूम होता.

एका सकाळी एक तरुण खबर घेऊन आला. त्याच्या विधवा चुलतीने पडवीतली खोली दमणच्या एका बाईला दिली होती. "साहेब, ती पोर्तुगीज मुलखाची. नोंद नाय, कागद नाय. सांजचं टेकाडावर जाळ करते. आभाळातल्या इमानाला खूण दाखवते!"

बाईला आणली. झडतीत तंबाखूच्या चंचीशिवाय काही नाही, पण हातांवर चटक्यांचे फोड. "हे कशाचे गो?" विचारलं, तर तोंड फिरवून बसली. होतीच तिरसट.

चुलती आली ती ओरडतच. "माझ्या ओटीवर बोंबील वाळत घालते! उपासाच्या दिवशीबी! वर मलाच म्हणते, नाक दाब. धाडा हिला दमणला!"

दमणला त्या बाईचं कोणी उरलं नव्हतं. हद्दपार झाली असती, तर उघड्यावर पडली असती.

फौजदारसाहेबांनी पुतण्याला विचारलं, "जाळ नेमका कुठे?"

"टेकाडावरच्या आंब्याखालच्या भातखाचरात, साहेब."

म्हातारी चुलती थबकली. "ते तर माझं खाचर. तिथं राब तूच भाजलास ना रे? म्हणून तर ही गेली की पडवी तुला कबूल केली!"

पेरणीआधी पालापाचोळा पसरून रोपांची जागा भाजायची, तो राब. त्याशिवाय आमच्याकडे भात नाही. दुसऱ्याने केलेलं काम याने आपल्या नावावर सांगितलं, आणि त्याच जाळाची खबर आम्हाला दिली!

"तो टेकाड कुठला चढतोय! मी भाजला," दमणवाली म्हणाली.

"मग सांगितलं का नाय?" म्हातारी खेकसली.

"तू तोंड उघडू देशील तर सांगेन ना! शिव्या दे, पण तुझ्या खाचरातला भात मीबी खाते."

साहेबांनी पुतण्याला असा सोलून काढला की बाहेरचे शिपाई उभे राहिले. बाईची नोंद झाली, हमी म्हातारीनेच दिली.

पायऱ्या उतरताना म्हातारी म्हणाली, "बोंबील मागच्या दारी घालायचे."

"तिथं मांजर येतं."

"मग राखण कर!"

भांडत भांडत घरी गेल्या.

चोर मी पुष्कळ पाहिले, पण त्यांचा असा राग नाही आला. ओटीवरच्या कटकटीसाठी एखाद्याच्या डोक्यावरचं छप्पर सरकारकरवी काढायचं? भांडा, अबोला धरा, चूल वेगळी मांडा. पण आपल्या रागाला कायद्याचं नाव देऊ नका.

तेव्हा ठाण्याची पायरी चढण्याआधी माझ्या ओटीवर या. एकटी नको, जिच्याशी भांडलात तिलाही आणा. आणि राग मुरायच्या आत, लवकर या गो.