किनाऱ्यावरचा पाहुणा आणि होबार्टची टोपी

समजा, तुम्हाला कोणी विचारलं: भर उन्हाळ्यात किनाऱ्यावर एक माणूस मरून पडलाय. अंगात कोट, बूट चकचकीत, खिसे रिकामे, मारहाणीची खूण नाही. तोंडावर टोपी, आणि टोपीच्या आत होबार्टच्या दुकानाची पट्टी. हा इथे आला कसा? करा विचार. आमच्या पोर्ट केरोच्या बेकरीत हा प्रश्न चहाबरोबर फुकट मिळतो.

प्रश्न वाढणाऱ्या एव्हिसबाई ट्रेझाइस. बऱ्याच वर्षांपूर्वी असा माणूस खरोखरच सापडला, तेव्हा त्या बेकरीत नव्यानेच लागल्या होत्या. त्याला पुरताना पाद्री, पोलीस आणि एव्हिसबाई, एवढेच हजर. तेव्हापासून दर रविवारी त्या त्याच्या मातीवरचं गवत उपटतात आणि बेकरीत पीठ मळताना गोष्टीतून त्याला नव्याने किनाऱ्यावर आणतात. कधी तो होबार्टच्या जहाजावरचा आचारी असतो, कधी लग्नातून पळालेला नवरदेव. ओट्यावरच्या पिठात बोटाने नकाशा निघतो: इकडे आपण, मध्ये समुद्र, पलीकडे टास्मानिया बेट, त्यावर होबार्ट. मग तो नकाशा पेस्टीत, म्हणजे आमच्या खिम्याच्या मोठ्या करंजीत, लाटला जातो आणि आम्ही खातो.

यंदा गावाने वर्गणी काढून त्याच्या थडग्यासाठी दगड घ्यायचं ठरवलं. मजकूर एव्हिसबाईंचा: ‘होबार्टचा अनोळखी पाहुणा’.

“माणसाला नाव नसेल तर निदान गाव तरी असावं,” त्या म्हणाल्या.

आमच्याकडे नाताळ येतो ऐन उन्हाळ्यात; त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव किनाऱ्यावर होतं. एक पर्यटक जेवून उन्हात आडवा झाला होता, नाक टोमॅटोसारखं. जॉरी ट्रेम्बाथने जाता जाता स्वतःची टोपी काढून त्याच्या तोंडावर ठेवली. आमच्याकडे झोपलेल्याला उठवत नाहीत, झाकतात. जॉरी पूर्वी खेकड्यांच्या बोटीवर होता; आता त्याच्या डोक्यावर एकही केस नाही.

“गेली ही पण,” एव्हिसबाई म्हणाल्या. “तुझं टक्कल पापडासारखं भाजेल बघ.”

“भाजू दे. माझी सगळ्यात चांगली टोपी अशीच गेली. लग्नानंतर हिला घेऊन होबार्टला गेलो होतो ना, तिथली.”

एव्हिसबाईंच्या हातातला थर्मास थांबला. “कुठे गेली ती?”

“इथेच. एक कोटवाला झोपला होता, त्याच्या तोंडावर ठेवली. मग तसाच बोटीवर गेलो. महिन्याने आलो तर ना तो, ना टोपी.”

“जॉरी, त्याच महिन्यात किनाऱ्यावर मेलेला माणूस सापडला!”

“माहितीये की. पण माझावाला झोपला होता गं.”

“उठलेला पाहिलास?”

जॉरीने पर्यटकाकडे बघितलं. हळूच जाऊन त्याच्या तळव्याला गुदगुली केली. पर्यटक किंचाळून उठला, तेव्हा कुठे जॉरीचा जीव भांड्यात पडला.

“इतकी वर्षं माझ्या बेकरीत बसून होबार्टच्या गप्पा ऐकल्यास,” एव्हिसबाई म्हणाल्या, “पेस्ट्या हादडल्यास, आणि एकदाही डोक्यात आलं नाही?”

“तू जहाजं किती छान आणायचीस! मध्ये कोण बोलणार?”

त्या हसल्या नाहीत. दगडवाला सुट्टी संपली की अक्षरं कोरणार होता. गप्प राहिलं तर पाहुण्याला गाव मिळत होतं, फक्त ते जॉरीच्या टोपीचं. त्यांनी तिथूनच दगडवाल्याला फोन लावला. “होबार्ट काढ. हो, काढ म्हटलं ना. त्याची जागा कोरी ठेव.”

फोन ठेवून त्या वाळूत बसल्या. जॉरीने चहा ओतून दिला, माफीसारखा.

“वाईट वाटलं?”

“थांब रे.” त्यांचं बोट वाळूत फिरू लागलं होतं. “तू टोपी ठेवलीस, म्हणजे त्याला स्वतःची नव्हती. अंगात कोट, बुटांना पॉलिश, आणि डोकं उघडं. जॉरी, आपल्या या उन्हात टोपीशिवाय घराबाहेर पडतो, असा माणूस कुठला असेल?”