माझाही हात लिहा

मोटारीला किती लागलं, ते शेट आधी बघत होता. मी रस्त्याच्या कडेला मातीत पडले होते. डोक्यावरची पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, मोळी सुटून मोटारीच्या तोंडावर आदळली होती आणि नव्याकोऱ्या काळ्या रंगावर दोन ओरखडे उठले होते. शेटनं धोतराच्या सोग्यानं ते पुसून पाहिले. पुसले जाईनात. मग त्याला मी दिसले.

"अंधी है क्या? रस्ता तुझ्या बापाचा हाय?"

मी कशीबशी उठून बसले. डावा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. कपाळातून रक्त येत होतं. आणि मी काय केलं? मी त्याची माफी मागितली.

"चुकलं मायबाप."

हात जोडायला गेले. उजवा उठला. डावा उठलाच नाही. एकाच हातानं मी त्याच्या पाया पडले.

चूक कोणाची होती, ते सांगते. नालवाडीहून वर्ध्याला येणारा रस्ता. मी जळणाची मोळी विकायला निघाले होते. पुढं एक बैलबंडी चालली होती. शेट स्वतः मोटार हाकत होता. बंडीला मागं टाकायची घाई झाली आणि मोटार रस्ता सोडून कडेच्या मातीवर उतरली. मी मातीवरच चालत होते. माझ्यापुढं दहा पावलांवर शाळेतल्या सुमतीबाई छत्री घेऊन चालल्या होत्या. मोटारीनं आधी मला उडवलं, मग त्यांना. त्यांचाही हात मोडला. उजवा.

एक मोटार, एक वेळ, दोन हात. पण त्यांना शेटनं आपल्या हातानं उठवलं. "बाई, लागलं का हो?" म्हणाला. मागच्या गादीवर बसवून सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. मोटारीत आणखी तिघांची जागा होती. बंडीवाला म्हणाला, "शेट, या बाईले बी घेऊन जा ना." शेट म्हणाला, "सीट खराब होईल." मोटार निघून गेली. उडालेली धूळ माझ्या कपाळावरच्या ओल्या रक्ताला चिकटली.

वर्षच झालं होतं आम्हाला बुद्धाचा धम्म घेऊन. घरातले देव मी स्वतः गाठोड्यात बांधून विहिरीत सोडले होते. आता कोणाला मायबाप म्हणायचं नाही, असं वस्तीतल्या बायांना मीच बजावत फिरत होते. आणि अंगावर मोटार आली तेव्हा तोंडातून पहिला शब्द तोच निघाला. देव टाकता आले, ही सवय टाकता आली नाही. त्या दिवसाची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते ती याची.

ही लाज नुसती मनातली नव्हती. ती कागदावर गेली. ठाण्याचा जमादार सायकलवर आला. त्यानं विचारलं, "काय झालं?" बंडीवाला खरं सांगायला लागला, तर त्याला म्हणाला, "तू गप." मला विचारलं, "तू शेटले काय म्हणाली?" मी म्हणाले, "चुकलं म्हणाली." त्यानं पंचनाम्यात तेवढंच लिहिलं. बाई स्वतः चूक कबूल करते.

दवाखान्यात मी गेलेच नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "दवाखान्यात नंबर लागत नाई आपला. हाड बसवणारा आणतो." बोरगावचा म्हातारा आला. त्यानं हात ओढला, बांबूच्या कामट्या लावल्या, फडकं बांधलं. मी किंचाळले तेव्हा सासऱ्यांनी माझा खांदा धरून ठेवला. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण त्या ओढण्याची चिठ्ठी कोणी लिहिली नाही. सही नाही, तारीख नाही.

रक्तानं भरलेलं लुगडं मी त्याच संध्याकाळी एका हातानं धुतलं. लुगडी दोनच होती. न धुता काय नेसणार होते?

तिसऱ्या दिवशी शेटच्या जिनचे दिवाणजी आले. कापसाच्या त्या जिनात माझा नवरा कामाला होता, हंगामात मीही टोपली उचलायला जायची. दिवाणजींनी नवं लुगडं आणलं होतं. हिरवं, काठाचं. सोबत एक कागद.

"शेटनं तुह्यासाठी पाठवलं. हे पोचलं म्हणून अंगठा लाव इथं."

सासरे म्हणाले, "घे सूनबाई. मालकानं आठवण तरी ठेवली."

मी अंगठा लावला. कागदावर काय लिहिलंय, ते कोणी विचारलं नाही. अंगठा लावताना कागद वाचून दाखवा म्हणायचं असतं, हे आमच्या वस्तीत कोणाच्या डोक्यातच नव्हतं. देणाऱ्याचा अपमान होतो ना!

पंधरा दिवसांनी गोवऱ्या द्यायला सुमतीबाईंच्या घरी गेले. त्या ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. हात पांढऱ्याशुभ्र प्लास्टरात, गळ्यात झोळी. मांडीवर कागदांची फाईल. त्यांचे भाऊ कचेरीत कारकून होते. त्यांनी सगळं रीतसर केलं होतं. त्याच दिवशी डॉक्टरची चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी ठाण्यात लेखी तक्रार, मोटारीच्या नंबरासकट. शेटचा माणूस फळं घेऊन आला, फळं परत. कागद घेऊन आला, तोही परत. आणि ते रक्ताचं पातळ त्यांनी धुतलं नव्हतं. घडी घालून पेटीत ठेवलं होतं. कोर्टात दाखवायला.

"तू का नाही गं गेलीस दवाखान्यात?" त्यांनी विचारलं.

मनापासून विचारलं. म्हणूनच जास्त झोंबलं. बाईंच्या खुर्चीचा हेवा, त्या प्लास्टराचा हेवा, लिहिता येणाऱ्या भावाचा हेवा. आणि सगळ्यात जास्त त्या पातळाचा. त्यांच्याकडे न धुता पेटीत ठेवून द्यायला एक पातळ होतं. त्यांचं रक्त पुरावा झालं. माझं रक्त ओढ्यात वाहून गेलं. कोणाच्या मोडक्या हाताचा हेवा करावा, इतकी माझी दशा झाली होती.

माझा हात वाकडाच जुळला. टोपली उचलेना. जिनातलं काम सुटलं. बाईंचा हात सरळ जुळला. शाळेत फळ्यावर लिहायला लागल्या. वाटेत दिसल्या की मी रस्ता बदलायची. त्यांनी माझं काही वाईट केलं नव्हतं. तरी त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

आणि मग दिवाणजी पुन्हा आले. बाईंचा भरपाईचा दावा उभा राहणार होता. शेटच्या बाजूनं साक्षीला माझं नाव निघालं होतं.

"तू फक्त एवढं सांगजो, का मास्तरीणबाई रस्त्याच्या मधातून चालून राह्यल्या होत्या. मंग तुले पुन्हा जिनात घेऊ. बसून करायचं काम देऊ."

नवरा माझ्याकडे बघत राहिला. त्याला सांगायचं होतं, हो म्हण.

लपवत नाही. मला हो म्हणावंसं वाटलं. कामासाठी वाटलंच. पण त्याहून जास्त बाईंची फाईल फाटावी म्हणून वाटलं. मला नाही मिळत, तर तिला का मिळावं? चुलीपुढं बसून मी ते वाक्य घोकलं. रस्त्याच्या मधातून चालून राह्यल्या होत्या. तोंडात चांगलं बसलं.

कोर्टात पेटी उघडली. पातळ काढलं. डाग तपकिरी झाला होता. डॉक्टरची चिठ्ठी वाचली. बाईंचे वकील उभे राहिले आणि म्हणाले, "या अपघातात जखमी झालेली एकमेव व्यक्ती म्हणजे माझी पक्षकार."

शेटच्या वकिलानं मान डोलावली. याबाबत आमचा वाद नाही, म्हणाला.

मी समोर उभी होते. वाकडा हात घेऊन. दोन वकील सगळ्या गोष्टींवर भांडत होते. मी जखमी नव्हते, यावर मात्र दोघांचं जुळलं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांना ठाऊक होतं. त्या बोलल्या नाहीत.

तेव्हा मला माझ्या हेव्याचा खरा अर्थ कळला. बाईंचं जावं, असं मला वाटत नव्हतंच. माझं असावं, असं वाटत होतं. बाई मधून चालत होत्या असं मी म्हणाले, तर मोटार बरोबर ठरत होती. मोटार बरोबर, तर माझा हातही बरोबरच मोडला. ते वाक्य मी माझ्याच विरुद्ध घोकलं होतं.

"बाई कुठं चालल्या होत्या?" शेटच्या वकिलानं विचारलं.

"कडेले. मातीवर. मी बी मातीवरच. मोटार आमच्या अंगावर उतरली. पहिले माह्या, मंग त्याइच्या. माहा हात मोडला."

"विचारलं तेवढंच सांग."

"तेवढंच सांगून राह्यली."

"तू चूक कबूल केली होतीस ना? भरपाई पोचली म्हणून अंगठाही दिलाय. मिटलंय तुझं."

"मी चुकलं म्हणाली, कारण आम्हाले तेच शिकवलं होतं. तुमची मोटार आमच्या अंगावर आली, तरी आम्हीच चुकलो. कागद लुगड्याचा हाय म्हणून सांगितलं. वाचून कोनी दाखवला नाई."

कोर्टात कुजबुज झाली. कारकुनानं साक्ष लिहिली आणि अंगठ्यासाठी शाई पुढं केली.

"आधी वाचा," मी म्हणाले.

तो वैतागला. जज्जसाहेबांनी खूण केली, तेव्हा वाचलं. बंडी होती. मोटार होती. बाईंचा उजवा हात होता. माझा हात नव्हता.

"माहा हात लिहा."

"त्याचा या दाव्याशी संबंध नाही," बाईंचे वकील म्हणाले. बाईंचेच.

"हात लिहिल्याशिवाय अंगठा नाई."

शिपायानं आवाज चढवला. मी हलले नाही. जज्जसाहेब कारकुनाला म्हणाले, "लिहा." एक ओळ लिहिली गेली. साक्षीदाराचा डावा हात मोडला होता. ती ओळ मी कारकुनाकडून दोनदा वाचून घेतली. मग अंगठा दिला.

बाईंना भरपाई मिळाली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला जिनातून काढलं. बाई मिठाई घेऊन घरी आल्या. मी घेतली नाही. रागानं नाही. माझ्या साक्षीची किंमत मिठाईत करून घ्यायची नव्हती. मला त्यांची भरपाई नको होती. मला माझी हवी होती.

मी माझा अर्ज केला. मुदत गेली म्हणून परत आला. साक्षीतली ती ओळ जोडून पुन्हा केला. तोही परत आला. सासरे म्हणाले, "सोड आता, पोरी." मी सोडलं नाही. त्या हिवाळ्यात वस्तीतल्या पोरींच्या वर्गात जाऊन बसले. सगळ्यात म्हातारी मीच. अक्षरं गिरवताना पोरी हसायच्या. हसू दे.

तिसरा अर्ज मी माझ्या हातानं लिहिला आहे. ओळी वर-खाली गेल्यात. पहिली ओळ अशी आहे: माझी काही चूक नव्हती. हाही परत आला, तर चौथा लिहीन.