आतोबांचे उपाशी जंतू

माणसाला बत्तीस दात असतात हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण त्या दातांवर कोण राहतं, काय खातं आणि कधी उपाशी राहतं, याची विचारपूस अख्ख्या भिवंडीत एकट्या आमच्या आतोबांनीच केली. आत्याचे हे यजमान सुताला कांजी लावणाऱ्या कारखान्यात ड्युटीला होते. विणलेल्या कापडावरची कांजी एन्झाइम घालून उतरवतात; ते कात्रीसारखं कांजीचे तुकडे करतं. तसली कात्री दातांवरच्या जंतूंकडेही असते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं आणि त्यांना वेडच लागलं. भर मांडवात नवरदेवाला "जरा आ करा" म्हणून दातकोरण्याने दातांवरचा थर खरवडून घेणारा दुसरा वऱ्हाडी मी पाहिला नाही. वर तक्रार होतीच, "जिलेबीच्या आधी गाठायला हवा होता!"

घरी कपाटावर बरण्या. बरणीत साखरपाणी, त्यात असे खरवडून आणलेले जंतू आणि लोंबता सुताचा धागा. जंतू साखर खात आणि धाग्यावर चिकट थर चढवत. तो थरही साखरेच्याच साखळ्यांचा. "साखर आहे तोवर कात्री काढतच नाहीत," आतोबा कौतुकाने सांगत. "संपली की तोच थर कापून खातात. ना भोंगा, ना मुकादम, तरी शिफ्ट बरोबर बदलते!" हे बघायला मुंबईचे एक प्राध्यापक रविवारी येणार होते. आतोबांचं म्हणणं ऐकायला शिकलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदाच येत होता. त्यासाठी एका बरणीची साखर तोडली होती, आणि थर रोज विरत होता.

शनिवारी बघतो तर धागा पुन्हा जाड झालेला. आत्या म्हणाली, "मीच चमचाभर साखर घातली. पाच दिस त्यांच्या पोटात काय न्हाय. आपल्या घरात कोन उपाशी ऱ्हायलाय कवा?"

आतोबांनी धागा उचलून पाहिला आणि पुन्हा बरणीत सोडला. मग म्हणाले, "बरं केलंस." प्राध्यापक आले, गोड चहा प्यायले, पुन्हा करून कळवा म्हणाले आणि गेले. आत्याचं नाव आतोबांनी त्यांच्यापुढे काढलंसुद्धा नाही. मला त्या दिवशी हा माणूस फार मोठा वाटला.

गेल्या वर्षी आत्या गेली. आता प्रयोग पुरा करा, असं मीच त्यांच्या मागे लागलो. त्यांनी बरणी मांडली. पाचव्या दिवशी गेलो तर थर छान विरलेला, आणि आतोबा हातात साखरेचा चमचा घेऊन उभे.

"अहो, आणखी दोनच दिवस!" मी म्हणालो.

"होत न्हाय रे," ते आत्याच्याच बोलीत म्हणाले, आणि त्यांनी चमचा बरणीत रिकामा केला.