कुठले साळवे?

“साळवे गेले,” एवढंच कारखान्यातल्या मुरलीनं फोनवर सांगितलं आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, “कुठले?” चीड आली ती या प्रश्नाची. तीस वर्षं ज्याच्याशेजारी मोरिवलीच्या कारखान्यात मशीन चालवली, त्याच्या मरणाची बातमीही आधी तपासून घ्यावी लागली…

बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात मधुकर साळवे नावाची तीन नामांकित माणसं होती. एक नगरसेवक, दुसरे अंबरनाथचे हाडांचे डॉक्टर आणि तिसरा आमचा मधू, कामगार रंगभूमीवरचा नट. पहिल्या दोघांचं नाव घरोघरी पोचलेलं. मधूचं नाव मात्र कायम त्या दोघांच्या खात्यात जमा व्हायचं. बदलापूरला कात्रपच्या त्याच्या घरी सकाळी कुणी तरी एक्स-रे घेऊन यायचं, संध्याकाळी कुणी पाणी येत नाही म्हणून भांडायला. “मी तो नाही,” एवढे तीन शब्द बोलायला काय जात होतं? पण नाही. हा आधी त्यांना बसवणार, चहा पाजणार, सगळं ऐकून घेणार आणि मग म्हणणार, “चला, मी येतो सोबत.” ज्या माणसाला रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवता यायचा, त्याला स्वतःच्या दारात ही गोष्ट स्पष्ट सांगता येऊ नये!

एका वर्षी त्याला नाट्यस्पर्धेत अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. एकाकी म्हाताऱ्या गिरणी कामगाराची भूमिका होती. पडदा पडल्यावर टाळ्या वाजवायचं भान लोकांना उशिरा आलं. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात बातमी आली आणि फोटो नगरसेवकाचा! मी पेपर घेऊन तणतणत त्याच्याकडे गेलो. तो चष्मा पुसत म्हणाला, “फोटो बरा आलाय रे त्यांचा.” मी स्वतः पेपरच्या ऑफिसात जाऊन भांडलो. त्यांनी माफी मागून दुरुस्ती छापली. डॉक्टरांच्या फोटोसह.

“निदान नावात वडिलांचं नाव घाल,” मी शेवटी ओरडलो. “मधुकर तुकाराम साळवे. वेगळा ओळखू येशील.”

“अरे, बापानं हौसेनं मधुकर ठेवलं. त्यालाच पुन्हा कामाला लावू?” तो हसला. मला मात्र हसू आलं नाही. त्याची कला त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांच्या नावावर जात होती, आणि चिडायचं काम त्यानं माझ्याकडे सोपवलं होतं.

दुपारची झोप घेतानाच तो गेला. त्या संध्याकाळी नगरसेवकाच्या ऑफिसात हार घेऊन माणसं पोचली, तेव्हा ते खुर्चीत बसून वडापाव खात होते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धविहारात ते स्वतः आले. त्रिशरण-पंचशील झाल्यावर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “कात्रपची निम्मी कामं त्यांनी केली हो. लोकांनी मतं मला दिली.” हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट आणखीच संताप आला. हे तुम्ही तो असताना का नाही बोललात? आणि मधू, तू तरी मला का नाही सांगितलंस? नाटकांबद्दल सांगायचास की तासन्‌तास.

मागच्या रविवारी मधूच्या घरी, सुनंदावहिनींकडे गेलो. दार उघडंच होतं. एक बाई सोफ्यावर बसलेल्या, मांडीवर पायाला प्लास्टर घातलेला मुलगा. वहिनी चपला घालत होत्या.

“वहिनी, यांना सांगितलंत ना? की डॉक्टर साळवे…”

“सांगितलं की. आमचे हे गेले तेही सांगितलं,” वहिनी म्हणाल्या. “पण अंबरनाथला कुठं जायचं ते त्यांना ठाऊक नाही. आणि मुलाला उचलून रिक्षापर्यंत कोण नेणार?”

मी काहीतरी कडक बोलणार होतो. मुलगा आधीच हात पसरून माझ्याकडे बघत होता. भलताच वजनदार निघाला कार्टा.