सुई, कुबडी आणि एकसष्टावं पान

रफूवालीला खून मनापासून आवडत. कागदावरचे, अर्थात. घरात झुरळ निघालं तरी ती नवऱ्याला हाक मारायची, आणि तो चप्पल उगारून आला की डोळे घट्ट मिटून विचारायची, "मेलं का हो?" पण पुस्तकात पहिल्या वीस पानांत प्रेत पडलं नाही, तर लेखकाने उपाशी ठेवल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा.

हे वेड नवव्या वर्षापासूनचं. आत्याच्या माळ्यावर तिला एक रहस्यकथा सापडली, पण तिची शेवटची सोळा पानं गायब होती. खानावळीतल्या स्वयंपाक्याला कुणी मारलं, हे त्या सोळा पानांत होतं. पोरीने भूमितीच्या पुस्तकात घालून ती कथा सहा वेळा वाचली आणि ठरवलं, औषधवाल्याने मारलं. लग्न झाल्यावर पाचव्या दिवशी, म्हणजे तब्बल अकरा वर्षांनी, जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात तिला त्याच कथेची धडधाकट प्रत दिसली. तिने तिथेच उभ्या उभ्या शेवट वाचला. नवा नवरा दोन हातांत दोन पिशव्या घेऊन ताटकळत होता.

"एवढं हसायला काय झालं?"

"धरला," ती म्हणाली. "अकरा वर्षांनी धरला मेल्याला. औषधवालाच!"

नवऱ्याला त्या दिवशी बायकोची पहिल्यांदा थोडी भीती वाटली, ती पुढे कधी पुरती गेली नाही. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी तो चहाचा कप नाकाजवळ नेऊन म्हणायचा, "आज कसला वेगळा वास येतोय का गं?"

"ज्याला वास येतो ते विष मी वापरेन का?" असं ती म्हणाली, की तो निमूटपणे चहा प्यायचा.

घराच्या जिन्याखाली, रस्त्याच्या अंगाला, तिची रफूची खोली होती. एक टेबल, एक इस्त्री आणि खिडकी एवढाच कारभार. कोटाच्या आतल्या दुमडीतून त्याचाच धागा उसवून काढायचा आणि भोकावर ताणाबाणा असा विणायचा, की मालकालासुद्धा जागा दाखवता येऊ नये. पण भोक बुजवण्याआधी ती ते वाचायची. एकदा एक भारदस्त गृहस्थ पँट घेऊन आले. म्हणाले, खुर्चीच्या खिळ्याला अडकली.

"खिळा नाही साहेब," रफूवाली चष्मा वर करून म्हणाली. "कुंपणाची तार आहे. तुम्ही घाईत उडी मारलीत. आणि कुंपणाला हिरवा रंग नुकताच दिला होता."

त्या रस्त्यावर हिरवं कुंपण एकाच घराला होतं. कुणाचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. गृहस्थांनी पँट न्यायला पुढे नोकर पाठवला.

अशी ही बाई. तिच्या मते तिच्याइतकं तल्लख डोकं त्या वस्तीत दुसरं नव्हतं, आणि तसं लेखी प्रमाणपत्रही तिच्याकडे होतं. ते दिलं होतं कोपऱ्यावरच्या वाचनालयाने.

वाचनालयाचे ग्रंथपाल म्हणजे हाडाचे खोडकर म्हातारे. सभासदांमध्ये झुंज लावल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. त्यांनी नियमच केला होता. रहस्यकथा वाचताना खुनी ओळखला, की वाचन तिथेच थांबवायचं, चिठ्ठीवर खुन्याचं नाव आणि पान लिहायचं, चिठ्ठी घडी करून त्यांच्याकडे आणून द्यायची. ते ती बिस्किटाच्या डब्यात टाकत. पुस्तक परत आलं की चिठ्ठी उघडायची. नाव बरोबर निघालं तर पुस्तकाच्या पाठी चिकटवलेल्या कागदावर सभासदाचं टोपणनाव आणि पान चढायचं. ज्याचं पान सर्वांत अलीकडचं, तो हुशार. आणि जो हुशार, त्याला पहिला नंबर, म्हणजे नवं पुस्तक आलं की सगळ्यांत आधी त्याच्या हातात. हा नंबर हिसकावायचा तर नंबरवाल्याला ओळीने पाच पुस्तकांत हरवावं लागे.

एकोणीस वर्षं पहिला नंबर "सुई"चा होता. सुई म्हणजे आपली रफूवाली. खुनी सापडला की ती गिऱ्हाइकाच्या कोटात सुई तशीच टोचलेली ठेवून, हातात चिठ्ठी घेऊन, कोपऱ्यापर्यंत धावत जायची. बाकीचे सभासद दोनशेव्या पानाच्या आसपास रेंगाळायचे. ही एकशेवीस, एकशेतीसला डब्याशी हजर.

मग जाऊ पाय घसरून पडली.

धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहायची. बेकरीत केकवर क्रीमने नावं काढायचं काम करायची. शांत, गोरटेली, फार न बोलणारी. बेकरीच्या ओल्या फरशीवर तिचा घोटा मोडला आणि तीन महिने तिला पलंगावर पडून राहावं लागलं. रफूवालीला दया आली. आयुष्यात तिने केलेली ही सगळ्यांत मोठी चूक. आपलं वाचून झालेलं पुस्तक ती वर घेऊन गेली.

"वाच. वेळ जाईल."

"मला नाही जमायचं ताई. मला काही कळत नाही त्यातलं."

"न कळायला काय आहे? कुणीतरी मरतं, कुणीतरी मारतं. वाच तू."

तीन महिन्यांनी जाऊ कुबडी टेकत वाचनालयात गेली आणि सभासद झाली. टोपणनाव विचारल्यावर तिने हातातल्या वस्तूकडे पाहून सांगितलं, "कुबडी." रफूवालीने हसून ग्रंथपालांना सांगितलं, "माझी शिष्या हो. तिला पुस्तक माझ्यामागून द्या म्हणजे घरातल्या घरात होईल."

पहिल्या पुस्तकाच्या कागदावर सुई, पान एकशेअठरा. त्याखाली कुबडी, पान ब्याण्णव.

"नवख्याचं नशीब," रफूवाली म्हणाली. दुसऱ्यात सुई एकशेचार, कुबडी सत्त्याहत्तर. त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटाला निळ्या धाग्याने रफू केलं. तिसऱ्या पुस्तकानंतर जिन्यात जावेच्या कुबडीचा टकटक आवाज आला, की तिच्या कपाळावरची शीर उडायला लागली. चौथ्यानंतर तिला जेवणच नको झालं.

"अगं, तिने तुझं काय घेतलंय?" नवऱ्याने विचारलं.

"अजून घेतलं नाही. आणखी एक पुस्तक, की घेईल. एकोणीस वर्षांचा नंबर माझा."

"मग घेऊ दे की. घरातच राहील नंबर."

त्यावर रफूवालीने असं पाहिलं, की त्याने चहाचा कप पुन्हा नाकाशी नेला.

हेवा कसा असतो बघा. शिकवलेल्या माणसाने नापास व्हावं असं उघड म्हणता येत नाही आणि पास झाल्याचं कौतुक घशाखाली उतरत नाही. रफूवाली वर जायची, "पाय कसा आहे?" म्हणायची, आणि मनात म्हणायची, मोडला तो पाय, डोकं का नाही? मग स्वतःचीच लाज वाटून उरलेली दोन केळी जावेपुढे ठेवायची. जाऊ ती आनंदाने खायची. त्याचाही हिला राग यायचा.

शेवटी तिच्यातली गुप्तहेर जागी झाली. सोपं आहे, तिने ठरवलं. ही बया आधी शेवटचं प्रकरण वाचते, मग सावकाश मधलं एखादं पान निवडून चिठ्ठी लिहिते. पकडायची.

पाचवं पुस्तक तिचं वाचून झालं. माळ्याने मालकिणीला मारलं होतं आणि सुईने त्याला एकशेचौतिसाव्या पानावर धरलं होतं. मग तिने आपली सर्वांत बारीक सुई काढली, केसासारखा रेशमी धागा ओवला आणि शेवटच्या प्रकरणाची सगळी पानं कडेला तीन टाक्यांनी एकमेकांना शिवून टाकली. टाके तिचे, तेव्हा दिसायचा प्रश्नच नव्हता. चिठ्ठी डब्यात पडली, की ताबडतोब काहीतरी कारण काढून वर जायचं आणि धागा तुटलाय का पाहायचं, एवढाच डाव.

पण डाव टाकायची वेळच आली नाही. तिसऱ्या दिवशी जाऊ स्वतःच पुस्तक घेऊन खाली आली.

"झालं ताई. चिठ्ठी दिली मघाशी. येता-जाता परत करून टाका ना."

ती वर जायची खोटी, रफूवालीने पुस्तक खिडकीशी धरलं. तिन्ही टाके जागेवर! तशीच ती वाचनालयात गेली. ग्रंथपालांनी तिच्यादेखत डबा उघडला. चिठ्ठीत लिहिलं होतं, माळी, पान एकसष्ट.

"पाच झाली हो," ग्रंथपाल मिशीत हसत म्हणाले. "आता पहिला नंबर कुबडीचा. नियम म्हणजे नियम."

रफूवाली तरातरा जिना चढली. "काय गं, तू शेवट वाचलाच नाहीस?"

"नाही."

"का नाही?"

"कशाला वाचायचा? मला हवं ते कळलं होतं."

शेवटचं प्रकरण न वाचता पुस्तक परत करणारं माणूस रफूवालीने जन्मात पाहिलं नव्हतं. ज्या सोळा पानांसाठी आपण अकरा वर्षं तळमळलो, तेवढी पानं ही पोरगी न उलगडता खाली पाठवते! लबाडी केली असती तर बरं झालं असतं. लबाड माणसाचा हेवा वाटत नाही. हिला मात्र आता कुठे नाव ठेवावं तेच कळेना.

पुढचं नवं पुस्तक आलं आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते रफूवालीच्या खिडकीसमोरून, जावेच्या काखेतून, वर गेलं. आठ दिवस तिने वरच्या पावलांचा कानोसा घेतला. चिठ्ठी घेऊन जाऊ कधी खाली उतरते? उतरलीच नाही. नवव्या दिवशी पुस्तक खाली आलं. चिठ्ठी नाहीच.

रफूवालीने ते उष्टं पुस्तक नाक मुरडून उघडलं आणि सत्त्याण्णवाव्या पानावर वकिलाला धरलं. चिठ्ठी देऊन येताना तिला रस्ता अपुरा वाटला. जाऊ आता पुन्हा कामावर जायला लागली होती; संध्याकाळी बेकरीतून परतताना ती जिन्याशी थांबली, तर हिला राहवेना.

"काय गं कुबडी? पहिला नंबर पचला नाही वाटतं?"

जाऊ लाजून हसली. "पुस्तक कोरं होतं ना ताई."

"नवं पुस्तक कोरंच असतं!"

"तसं नव्हे. त्यात तुमचं मेण नव्हतं."

"माझं काय नव्हतं?"

जाऊ आत आली आणि स्टुलावर बसली. "तुम्ही धाग्याचं टोक मेणाच्या वडीवरून ओढता ना, तुमच्या अंगठ्याला कायम मेण असतं. वाचताना कुठे अडलात, की तुम्ही पानाचा खालचा कोपरा चोळत बसता. पान उजेडात धरलं, की तो कोपरा चकाकतो. मी पलंगावर पडून होते तेव्हा दिसलं. आधी वाटलं, तेल सांडलंय."

रफूवालीने आपला अंगठा उजेडात धरून पाहिला.

"मग मी तेवढे कोपरे शोधायला लागले. त्या माळ्याच्या पुस्तकात बारावं पान चोळलेलं, तेहेतिसावं चोळलेलं आणि एकसष्टावं तर पार घासून पातळ झालेलं. तिन्ही ठिकाणी माळी येतो. तुमच्या अंगठ्याला एकसष्टाव्या पानावरच कळलेलं असतं ताई. तुम्हालाच एकशेचौतीसपर्यंत पटत नाही."

"म्हणजे इतके दिवस तू खुनी शोधतच नव्हतीस?"

"खुनी कोण का असेना! मी तुम्हाला शोधत होते. तुम्ही घरात 'पाय कसा आहे' यापलीकडे कधी बोलता का माझ्याशी? पुस्तकात मात्र सगळं सांगता. कुणावर डूख धरलाय, कुणाची कीव आलीय, कुठे घाबरलात. मला तेच वाचायला मजा यायची." मग ती कुबडी सावरत उठली. "नंबर तुम्हीच घ्या परत. मी सांगते ग्रंथपालांना."

आता खरं तर मैदान मोकळं होतं. "दे परत" एवढं म्हणायचा अवकाश, की एकोणिसाची वीस वर्षं झाली असती. पण रफूवालीच्या पोटात नवीनच आग पडली होती. एक तर तिला स्वतःच्याच अंगठ्याचा हेवा वाटू लागला, की हा भिकारडा आपल्याआधी ओळखतो आणि आपल्याला सांगतही नाही. आणि दुसरं म्हणजे, चाळीस वर्षं एवढं वाचून तिला कधी न मिळालेलं पुस्तक जावेने वाचलं होतं, तेही पडल्या पडल्या, फुकटात. ओळीखाली दुसरी ओळ असलेलं, आत एक जिवंत बाई दडलेलं पुस्तक. तसं आपल्यालाही हवं.

"नंबर राहू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली. "पुस्तक आधी तू वाच. मी तुझ्यामागून वाचेन."

जावेला हा मोठेपणा वाटला. डोळ्यांत पाणी आणून ती वर गेली.

पुढचं पुस्तक जावेकडून आलं तेव्हा रफूवालीने दार लोटून घेतलं. पान अन् पान उजेडात धरलं, भिंगाखाली घातलं, वास घेतला. एक डाग नाही, दुमड नाही, केस नाही. केकवाली बाई ती, दिवसातून दहा वेळा साबणाने हात धुणार, आणि पान उलटणार ते क्रीमच्या फुलाला धक्का लागू नये अशा बेताने. रफूवाली ओळी वाचत होती खरी, पण लक्ष सगळं कोपऱ्यांवर. शेवटच्या पानावर नर्सला बेड्या पडल्या तेव्हा ती दचकली. ही नर्स कोण? कधी आली? चिठ्ठी लिहायचीच राहून गेली होती. इतक्या वर्षांत एकाही खुन्याने तिला असं बेसावध गाठलं नव्हतं.

ती तडक वर गेली. "कुठे अडलीस तू?"

"कुठेच नाही, ताई. मला यातही काही कळलं नाही."

"थापा मारू नकोस. वाचताना कुणाचा राग आला? कुणाची भीती वाटली?"

"नाही सांगणार," जाऊ म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या गालावर खट्याळ खळी पडली. "मी शोधलं ना तुम्हाला? आता तुम्ही शोधा."

तणतणत रफूवाली खाली आली, तर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तिने त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं.

"बाई, माझा कोट?"

"थांबा हो जरा," ती खेकसली. "इथे एक बाई काहीतरी लपवतेय."