सहा आणि आठ मिलिमीटर

बायकोने माणिकपूरला डीटीपीचा वर्ग केला आणि तिच्या भावाचा जुना संगणक आमच्या विरारच्या घरी आला, तेव्हा आम्ही एक मुदत ठरवली होती. दिवाळीपर्यंत लग्नपत्रिकांपलीकडचं एखादं काम मिळालं नाही, तर संगणक परत करायचा. ऑक्टोबरात ते काम आलं. जवळच्या गास गावातल्या एका ख्रिस्ती शेतकरी कुटुंबाला आजोबांच्या कबरीवर काळा दगड बसवायचा होता. अक्षरं तिने काढायची, पाथरवटाने कोरायची. दगड एकच, आणि दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तो जागेवर हवा.

नाव इंग्रजीत होतं, चौदा अक्षरांचं. तिने चार दिवस फॉन्ट पाहिले. वर्तमानपत्रासारख्या अक्षरांची नाजूक शेपटं छिन्नीखाली तुटतात, असं पाथरवटाने सांगितलं होतं. सरळसोट, बिनशेपटांची अक्षरं तिलाच आवडेनात. "कचेरीच्या दारावरची पाटी वाटते," ती म्हणाली. शेवटी तिने एक निवडला. त्यातली उभी रेघ मधे थोडी बारीक होती आणि वरखाली जाताना हळूहळू रुंदावत होती. टोकाला वेगळं शेपूट जोडलेलं नव्हतं, रेघच उमलत गेलेली. नमुना म्हणून तिने पाथरवटाला आधी एक 'आय' छापून दिला.

मग तिने पूर्ण नाव छापून, कागद जोडून, टेबलावर ठेवलं आणि रविवारी ती माहेरी गेली.

माझी नोकरी मालाची मापं तपासण्याची. घरात नवी खुर्ची आली तरी मी चारही पाय मोजतो. त्या दिवशी मी पट्टी घेऊन बसलो आणि दचकलोच. प्रत्येक उभी रेघ मधोमध सहा मिलिमीटर, टोकाशी आठ! एकही रेघ सरळ नाही. जुना प्रिंटर, शाई पसरली असणार, असं मी धरून चाललो. बायकोचं पहिलं मोठं काम, आणि त्यात असा दोष. मी व्हाइटनर घेतलं आणि एकोणीस रेघांची टोकं दोन्ही बाजूंनी रंगवून बरोबर सहावर आणली. दुपारभर बसलो. संध्याकाळी पाथरवट आला, त्याच्या हाती कागद दिला. बायकोला आयती खुशखबर द्यावी म्हणून बोललो मात्र नाही.

मंगळवारी सकाळी पाथरवट पुन्हा दारात. काखेत दगडाचा तुकडा. खरा दगड हाती घेण्याआधी एक अक्षर रद्दी तुकड्यावर कोरून पाहायची त्याची रीत होती, म्हणूनच आम्ही वाचलो. त्या तुकड्यावर दोन 'आय' शेजारी शेजारी होते. इंग्रजी आय म्हणजे नुसती एक उभी रेघ.

"वहिनी, डावा तुमच्या नमुन्याचा, उजवा रविवारच्या कागदाचा," त्याने तुकडा खिडकीत ठेवला. "आता दारापाशी जा नि बघा."

आम्ही मागे सरलो. डावी रेघ दगडात ताठ उभी होती. उजवी टोकांशी झिजल्यासारखी, अशक्त दिसत होती. मी जाऊन मोजली. वर सहा, मधे सहा, खाली सहा.

"छिन्नीने कोपरा थोडा गोल होतोच," पाथरवट म्हणाला. "वर उन्हात टोक आनखी बारीक दिसतं. म्हनून तिथे अंग जास्त ठेवायचं. भाताची पेंढी मधे बांधली की टोकं पसरतात ना, तशी. पन कागदावर पट्टी घेऊन बसला होता कोन?"

"मी," मी म्हणालो.

"साहेब, मग घरातल्या चपात्या पन मोजूनच गोल करता काय?"

बायको हसली नाही. "अहो, तो दोष नव्हता," ती म्हणाली. "तेच तर अक्षर होतं."

हातात आठ दिवस होते. तिने तिथेच प्रिंटर सुरू केला. पानं जोडताना कागद मी धरला, पट्टी कपाटात ठेवून.

दोन नोव्हेंबरला आम्ही दोघं गासला गेलो. दफनभूमीत फुलं आणि मेणबत्त्या होत्या. आजोबांची बायको नातीचा हात धरून आली आणि पाच-सहा पावलांवर थांबली. चष्मा घरी राहिला होता. तिने नवऱ्याचं नाव एकेक अक्षर करत मोठ्याने वाचलं, पूर्ण. मग माझ्या बायकोकडे वळली.

"बाय, दगडाची खालची अर्धी जागा माझी. माझं नाव याच अक्षरात कर, पण मराठीत. घाई नको हं, मला अजून दोन पावसाळे भात लावायचाय."

तसा मराठी फॉन्ट आमच्या संगणकात नव्हता. दिवाळीत संगणक टेबलावरच राहिला. शेजारी आलेख-कागद पसरून बायको पेन्सिलीने 'म'ची उभी रेघ काढत होती, पायाशी हळूच रुंदावणारी. खोडून तिसऱ्यांदा काढल्यावर तिने मान वर केली.

"अहो, पट्टी आणा. मधे सहा आहे. खाली आठ भरतात का बघा."