पाण्याचं सांगायचं राहून गेलं

फेबी फर्नांडिस शिक्षकांच्या नजरेत भरली ती सातवीत. ‘आमच्या घरी कसे यावे’ असा निबंध दिला होता. बाकीच्या मुलांनी ‘चर्चच्या मागे’, ‘माडांच्या भाटलेत’ असं लिहून वह्या मिटल्या होत्या. फेबीने लिहिलं होतं, ‘उजव्या हाताला विहीर दिसली नाही, तर तुम्ही पुढे आलात. मागे फिरा.’ वाट चुकणाऱ्याचाही विचार करणारी तेवढी एकच वही होती.

पुढे ती कुडाळला एका छोट्या कंपनीत लागली. खाडीकाठच्या होडीवाल्यांसाठी कंपनीने एआय सहायक बनवला होता. पर्यटकांनी फोनवर मेसेज पाठवायचा, त्याने उत्तर द्यायचं, होडी नाहीतर खोली ठरवून द्यायची. सहायकाला स्वतःचे हातपाय नसतात. रिकामी होडी शोधायला एक टूल, भरतीची वेळ बघायला दुसरं, नोंदणीला तिसरं. कोणतं कधी उचलायचं, हे त्याला कळतं ते प्रत्येक टूलसोबत लिहिलेल्या चार-पाच ओळींवरून. त्या ओळी फेबी लिहायची.

जानेवारीत एका दुपारी सहायकाने कोल्हापूरच्या सहा जणांना तीन वाजताची होडी दिली. ऐन सुकतीची, म्हणजे ओहोटीची वेळ. होडी वाळूच्या पट्ट्यावर बसली आणि पाहुणे दीड तास गुडघाभर चिखलात उभे राहिले. होडीवाल्यांचे प्रमुख भाई संध्याकाळी फेबीच्या दारात आले. तिने होडीच्या टूलचं वर्णन वाचून दाखवलं: ‘दिलेल्या वेळी होडी रिकामी आहे का ते सांगते.’

“होडी रिकामी होतीच गो,” भाई म्हणाले. “खाडीय रिकामी होती.”

जाताना त्यांनी बजावलं, की महिनाअखेरच्या बैठकीपर्यंत हे सुधारलं नाही तर मशीन बंद, पुन्हा वही आणि पेन. ते बंद झालं असतं तर फेबीचं कामही गेलं असतं. पण तिला जास्त लागलं ते वेगळंच. सुकतीला होडी काढत नाहीत हे ती चालायला लागल्यापासून जाणत होती, आणि म्हणूनच ते लिहायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

कंपनीतल्या सर्वेशने सोपा उपाय सुचवला: वर ठळक अक्षरांत ‘नेहमी भरती पाहा’ असं टाकायचं. तिने टाकलं. दुसऱ्या दिवशी सहायक खोली मागणाऱ्यालाही भरतीची वेळ सांगू लागला. कोळंबीच्या थाळीची चौकशी करणाऱ्या बाईंना त्याने साडेदहानंतर या म्हणून कळवलं. सर्वेश पोट धरून हसला. फेबीने ती ओळ खोडली, तीन दिवसांची रजा टाकली आणि भाईंच्या होडीत जाऊन बसली.

होडी काढायची नाही हे कशावरून ठरवता, असं तिने विचारलं तेव्हा भाईंनी सुकाणूवरून मान वळवली.

“तां काय सांगूचां? दिसता तां.”

मग तिने विचारणं सोडलं आणि ते कुठे बघतात ते बघायला सुरुवात केली. निघण्याआधी त्यांची नजर दरवेळी पुलाच्या दुसऱ्या खांबाकडे जायची. खांबाला चिकटलेले शिंपले, कालवं, पाण्याबाहेर उघडी पडली की मोठी होडी ते काढत नसत. लहान होडी त्यानंतरही तासभर चाले. बंदराच्या तक्त्यातली भरती खाडीत आत यायला चाळीस मिनिटं उशीर होतो, हेही तिने घड्याळ लावून टिपलं.

चौथ्या दिवशी ती लिहायला बसली. ‘हे टूल फक्त होडी रिकामी आहे का ते सांगतं. खाडीत पाणी पुरेसं आहे का, हे याला कळत नाही. होडीची वेळ पक्की करण्याआधी भरतीचं टूल वापर.’ भरतीच्या टूलखाली लिहिलं, ‘वेळ बंदरावरची येते. खाडीसाठी चाळीस मिनिटं मिळव. मोठ्या आणि लहान होडीच्या मर्यादा खाली वेगळ्या दिल्या आहेत. खोली किंवा जेवणाच्या प्रश्नाला हे वापरू नको.’ मग जुने साठ मेसेज तिने एकेक करून सहायकाला विचारले. नऊ उत्तरं चुकली. दरवेळी तिने सहायकाला नावं न ठेवता आपलीच ओळ पुन्हा वाचली. सहाव्या फेरीत एकही चुकलं नाही.

बैठकीत भाईंनी स्वतःच फोन घेतला आणि लिहिलं: रविवारी दुपारी चार, आठ माणसं, मोठी होडी. उत्तर आलं, की होडी रिकामी आहे, पण त्या वेळी खाडीत पुरेसं पाणी नसेल. सकाळी नऊ चालेल का? भाईंनी ते दोनदा वाचलं आणि फोन शेजाऱ्याच्या हातात दिला.

“ऱ्हवांदे मशीन,” ते म्हणाले. “पण इंजिनाच्या पंख्यात शेवाळ अडाकता, तां खंय लिवलंस?”

फेबीने पिशवीतून वही काढली.

सध्या तिच्याकडे चौतीस टूल्सची वर्णनं आहेत. सोमवार ते गुरुवार ती कुडाळच्या कार्यालयात असते आणि शुक्रवारी भाईंच्या होडीवर.